मुलगा १५ वर्षांचा, ऑटिस्टिक, आता बोलायलाच तयार नाही. गोव्यात कोणाकडे जावं?

अबोली_फोंडा

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितेय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगा पंधराचा, दहावीत. ऑटिझमचं निदान पाचव्या वर्षी झालं, मग स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सगळं केलं आणि आठवीपर्यंत गाडी बऱ्यापैकी चालली, म्हणजे मित्र नव्हते पण शाळेत जायचा, मार्क बरे पडायचे, रविवारी बाबांबरोबर फेरीबोट बघायला जायचा. फेरीबोट म्हणजे त्याचं जग. कुठली बोट कुठल्या धक्क्यावर आहे, कुठली दुरुस्तीला गेलीय, कुठल्या बोटीचा रॅम्प खाली येताना कसा करकरतो, सगळं तोंडपाठ. रायबंदर-चोडण आणि जुने गोवे-दिवाडी या दोन फेऱ्यांवर आमचे किती रविवार गेले त्याचा हिशेब नाही.

पाऊस सुरू झाला तेव्हापासून सगळं बसलं. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की कान दाबून पांघरुणात शिरतो. रात्री तीनपर्यंत जागा. आंघोळ दोन-तीन दिवसांनी, तीही मागे लागून. शाळा महिनाभर बंदच. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे दोन महिन्यांत त्याने फेरीबोटीचं नाव काढलेलं नाही. बाबांनी एकदा विचारलं, जाऊया का रे दिवाडीला, तर म्हणाला "इंजिन बंद आहे". कुठल्या बोटीचं विचारलं तर उत्तर नाही. रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो बोटीबद्दल बोलतच नव्हता.

लहानपणी ज्या सेंटरला न्यायचो तिथे फोन केला, म्हणाले आम्ही दहा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतो. मग एका काउन्सेलरकडे गेलो, तिथे उलटं, ऑटिझम आमचा विषय नाही हो, पण घेऊन या, बोलून बघते. नेलं. छोटी खोली, ट्यूबलाइट गुणगुणतेय, पंखा दर फेऱ्याला टक् टक्. मॅडम गोड होत्या. म्हणाल्या, कसं वाटतं तुला? हा म्हणाला, कशाबद्दल? त्या म्हणाल्या, जनरली. हा म्हणाला, जनरली म्हणजे कधी? मग पुढची चाळीस मिनिटं एक शब्द नाही. शेवटी मला आत बोलावून सांगितलं की मुलगा को-ऑपरेट करत नाही, घरी जास्त लाड होतायत का. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, पंखा एका मिनिटात ६८ वेळा वाजतो.

म्हणजे ऑटिझमवाले म्हणतात मोठा झाला, आणि मनाचं बघणारे म्हणतात ऑटिझम आहे. मधल्या मध्ये आम्ही. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज. फोंड्याहून पणजी, मडगाव, म्हापसा कुठेही यायची तयारी आहे.

मिरसांग

अगं बाई, ६८ वेळा! तो पूर्ण वेळ तिथे हजर होता की, फक्त त्यांना हवा तिथे नव्हता.

माहिती काही नाही माझ्याकडे, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

नुस्तेंकार

आमची मुलगी आता १९ ची आहे, आम्ही याच चक्रातून गेलोय. तेरा ते सतरा ही वर्षं सगळ्यात वाईट, कारण सगळी यंत्रणा लहान मुलांसाठी उभी आहे. आपल्याच गोव्यात संगाथ या संस्थेने ऑटिस्टिक मुलांच्या आईवडिलांना शिकवून घरच्या घरी करायच्या थेरपीची चाचणी केली, गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी, २०१६ ला लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आली. कौतुकाचीच गोष्ट. पण मुलांची वयं बघितली तर २ ते ९. पंधराव्या वर्षी दाढी फुटलेल्या मुलाचं काय करायचं, हे कोणाच्या कागदावर नाही.

तरी सुरुवात कुठून करायची ते सांगतो. पर्वरीला संगाथ आहे, सेतू आहे, दोघांना फोन करून वय आधी सांगा, मग बाकीची कथा. आणि बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाची, ओपीडी. नाव ऐकून दचकू नका. माझ्या आईच्या पिढीला बांबोळी म्हटलं की अजून पोटात गोळा येतो, आम्हीही एक वर्ष त्याच भीतीत घालवलं, आणि ते वर्ष मुलीचं गेलं, आमचं नाही. गर्दी असते, वाट बघावी लागते, हे खरं. आम्ही मुलीला घरी ठेवून आधी एकदा आम्ही दोघंच गेलो, कागदपत्रं दाखवली, कुठे बसायचं ते बघून आलो, मग तिला नेलं.

अवांतर: पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे ना, बाईला संमोहित करतोय तो. कांदोळीचा माणूस पॅरिसला जाऊन लोकांना सांगतो की संमोहनाची जादू माझ्या हातात नाही, तुमच्याच मनात आहे, आणि त्याच्या गावच्या लोकांना दोनशे वर्षांनी एक सायकॉलॉजिस्ट शोधायला चार तालुके फिरावं लागतं.

दर्यावर्दी

ताई, माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एकाने मुलाला स्टेम सेल थेरपी दिली, मुंबईला, खूप फरक पडला म्हणतात. खर्च आहे पण मुलासाठी काय बघायचं. हवा असेल तर नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

मिरसांग

दर्यावर्दी, मेव्हण्याच्या ओळखीतला एक. वा. माझ्या ओळखीतल्या एकाला नारळ फोडून नोकरी लागली, त्याचाही नंबर व्यनि करू का?

सुरंगी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मूळची डिचोलीची, आता गोव्यात प्रॅक्टिस करत नाही, त्यामुळे कोणाची जाहिरात करायचा प्रश्न नाही.

आधी स्टेम सेलचं. ऑटिझमसाठी हा मान्यताप्राप्त उपचार नाही, नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने २०२२ मध्ये तो ऑटिझमसाठी सुचवू नये असं सांगितलंय. दर्यावर्दी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण कृपया नंबर वाटू नका.

आता अबोली, तुमच्या मुलाबद्दल. इथून निदान करता येत नाही आणि करणारही नाही. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून पहिला प्रश्न माझ्या मनात येतो तो मनाचा नाही, शरीराचा. झोप उलटी, आंघोळ नको, आवाज आणखी सहन होत नाही, असं अचानक झालं की आधी दात, कान, पोट, बद्धकोष्ठ, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. दुखतंय हे सांगता न येणारी ऑटिस्टिक मुलं पुष्कळ, भाषा चांगली असली तरी. शिवाय ऑटिझममध्ये फिट्स किशोरवयात पहिल्यांदा दिसू शकतात, मध्येच तंद्री लागल्यासारखा होतो का ते बघा. हे सगळं फोंड्याच्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही सुरू करता येईल.

आणि हालचालीच खूप मंदावल्या, एकाच पोझमध्ये तासन्‌तास बसायला लागला, खाणंपिणं, बोलणं एकदम तुटलं, तर वाट बघू नका, सरळ सायकियाट्रिस्टकडे. त्याला कॅटाटोनिया म्हणतात, किशोरवयातल्या ऑटिस्टिक मुलांत होतो आणि उपचाराने सुधारतो, पण बरेचदा "हट्टीपणा" म्हणून सोडून दिला जातो.

मनाचं म्हणाल तर ऑटिस्टिक मुलांमध्ये चिंतेचे विकार खूप, बऱ्याच अभ्यासांचं एकत्र गणित केलं तेव्हा साधारण ४० टक्के निघाले. डिप्रेशनही वाढतं या वयात. आणि ते "ऑटिझमच आहे, असंच असतं" या खाली झाकून जातं. तुमच्याकडे एक मोठी खूण आहे, ती डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा: फेरीबोटीचं नाव काढणं बंद झालंय. शाळा बुडाली यापेक्षा हे महत्त्वाचं.

फोनवर अपॉइंटमेंट घेताना काय विचारायचं? "ऑटिझमचे पेशंट बघता का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की मुलगा बोलला नाही तर तुम्ही काय करता. समोरचा म्हणाला की हळूहळू बोलता करू, तर पुढचा नंबर लावा. म्हणाला की लिहून, टाइप करून, चित्र काढून चालेल, पहिली दोन सेशन नुसतं बसला तरी चालेल, तर जा. दुसरं, लाइट बंद करता येईल का, खोलीचे फोटो आधी पाठवाल का. या प्रश्नाला जो वैतागतो तो तुमच्या कामाचा नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाचा) रजिस्ट्रेशन नंबर विचारायला लाजू नका, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही, वाटत असेल तर वाटू दे.

शेवटचं, आणि हे टाळू नका. त्याला मरावंसं वाटतं का, हे विचारलंय का? विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही. तोंडी जमत नसेल तर कागदावर लिहा, "कधी असं वाटतं का की मी जिवंत नसतो तर बरं", खाली हो / नाही / सांगायचं नाही, आणि त्याला खूण करू दे. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी बांबोळी, रात्र असली तर गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) कॅज्युअल्टी, आणि नुसतं बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, फुकट. तोपर्यंत घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, बागेतली फवारणी कुलपात.

अबोली_फोंडा

सुरंगी, तुमचा प्रतिसाद वाचून आधी रडले आणि मग कागद घेतला. तुम्ही लिहिलंय तस्संच लिहिलं, त्याच्या टेबलवर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. वीस मिनिटांनी आला, कागद ओट्यावर ठेवला, परत गेला. "नाही" वर खूण होती. खाली स्वतःच्या अक्षरात एक चौथा पर्याय लिहिला होता: "मला कोणी नको आहे असं वाटतं पण मी आहे." आणि त्यावर टिक.

याचा अर्थ काय लावू?

सुरंगी

अर्थ तुम्ही लावू नका, मीही लावत नाही. तो कागद जपून ठेवा आणि जिथे जाल तिथे सोबत न्या. मात्र हाच प्रश्न आठवड्याने परत विचारा, उत्तरं बदलतात. एक मात्र आत्ताच दिसतंय, तीन पर्याय दिल्यावर तो चौथा स्वतः लिहून बोलतो.

एकसुरी

मी ऑटिस्टिक आहे, वय ३१, म्हापशाची, नोकरीमुळे पुण्यात. निदान २८ व्या वर्षी झालं, त्याआधी मी "विचित्र", "घुमी", "शिष्ट" या तीन नावांनी वाढले.

अबोली ताई, "इंजिन बंद आहे" हे मला इतकं कळलं की मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आम्ही त्याला बर्नआउट म्हणतो. आठ-दहा वर्षं शाळेत नॉर्मल दिसण्यासाठी जे काही करावं लागतं, म्हणजे डोळ्यात बघायचं, हात हलवायचे नाहीत, विनोद कळला नाही तरी सगळे हसतात तेव्हा हसायचं, युनिफॉर्मचं लेबल टोचलं तरी गप्प, ते करून करून एक दिवस खरंच काही शिल्लक राहत नाही. बाहेरून ते डिप्रेशनसारखं दिसतं, डिप्रेशन सोबत असूही शकतं. पण डिप्रेशनमध्ये लोक म्हणतात बाहेर काढा, माणसात मिसळू द्या, आणि बर्नआउटमध्ये तोच सल्ला उलटा बसतो. आधी ओझं कमी करा. शाळा, ट्यूशन, पाहुणे, चतुर्थीच्या घरातल्या तीस माणसांसमोर पाया पडणं, जे काढता येईल ते काढा. फेरीबोट मात्र मागू नका त्याच्याकडून. ती त्याची त्याला परत येऊ दे.

आणि एक प्रश्न. तो कुठल्या भाषेत विचार करतो?

अबोली_फोंडा

भाषेचं कोणीच विचारलं नव्हतं. घरी आम्ही कोंकणी-मराठी मिक्स बोलतो, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. पण तो स्वतःशी बोलतो ते इंग्रजीत, यूट्यूबवरून शिकलेलं, जहाजांच्या व्हिडिओतलं. आणि घाबरला की कोंकणी. काउन्सेलर मॅडम मराठीत बोलत होत्या, त्या फॉर्मल मराठीत, "भावना व्यक्त कर" वगैरे.

नुस्तेंकार

"भावना व्यक्त कर" मला कोणी म्हटलं तर मीसुद्धा पंखा मोजीन.

हळदोणे_वारा

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. माझा पुतण्या ऑटिस्टिक आहे, जास्त सपोर्ट लागणारा, बोलत नाही. इथे सगळे म्हणतायत ओझं कमी करा, शाळा सोडा. आम्ही एकदा शाळा सोडली ती सोडलीच, आता सतरा वर्षांचा पोर दिवसभर टॅबवर आणि आई त्याच्याबरोबर घरात बंद. दहावीचं वर्ष आहे, बोर्डात सवलती मिळतात, स्क्राइब (लेखनिक) मिळतो, जादा वेळ मिळतो, त्यासाठी सर्टिफिकेटं वेळेत द्यावी लागतात. विश्रांती द्या पण दोर पूर्ण कापू नका.

एकसुरी

यात विरोध काही नाही, बरोबर आहे तुमचं. मी "कायमची सोडा" म्हटलं नव्हतं, पण लिहिलंय तसं वाटू शकतं हे मान्य. तुमच्या वहिनींना आराम मिळतो का कधी?

हळदोणे_वारा

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

नुस्तेंकार

वारा, तुमच्यासाठी आणि अबोलीसाठी कागदपत्रांचं लिहितो, मी यात मास्तर झालोय, नाइलाजाने.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे, सरकारी मेडिकल बोर्डाकडून सर्टिफिकेट आणि मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र. ऑटिझमसाठी आयएसएए नावाची ४० प्रश्नांची मोजपट्टी वापरतात, ७० च्या खाली गुण म्हणजे ऑटिझम नाही असं धरतात. इथे एक गोची आहे. आपण मुलाचं चांगलं सांगायला इतके सरावलेलो असतो की बोर्डासमोर पण "तसा हुशार आहे हो" म्हणतो आणि टक्के कमी होतात. वाईट दिवसाचं सांगा. नख कापताना काय होतं ते सांगा. हे सांगताना मला स्वतःला मुलीशी गद्दारी केल्यासारखं वाटलं होतं, तिला मी बाहेर बसवलं होतं म्हणून बरं.

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामया ही आरोग्य विमा पॉलिसी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात ओपीडी, थेरपीचे पैसेही बसतात, जे आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण दर आठवड्याच्या काउन्सेलिंगचं बिल टाकून बघा, मग बोलू.

आणि शाळेत काउन्सेलर आहे का विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळांत गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमार्फत काउन्सेलर येतात. एकाच्या वाट्याला मुलं पुष्कळ, त्यामुळे थेरपी होईल असं धरू नका, पण शाळेच्या आत काय चाललंय ते बघायला डोळे मिळतात.

अबोली_फोंडा

अपडेट. दोन आठवडे झाले.

कारण दातच निघाला! म्हणजे खरोखर, खालची दाढ किडली होती, मुळापर्यंत. डेंटिस्टने विचारलं किती दिवस दुखतंय, तर हा म्हणतो "दुखत नाही, तोंडात आवाज येतो". दोन महिने तो आवाज ऐकत होता. मी आई आहे आणि मला कळलं नाही. असो. रूट कॅनाल झालं, झोप जराशी सुधारली, बाकी सगळं तसंच.

मग एका खाजगी सायकियाट्रिस्टकडे गेलो. भरभर प्रश्न, पाठ केलेले. झोप येते का, भूक लागते का, कानात आवाज येतात का. हा म्हणाला, हो. कोणाचे? माणसांचे. आत्ता येतायत? हो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहायला लागले. मी म्हटलं थांबा, आणि त्याला विचारलं, काय बोलतायत ते? तो म्हणाला, "ती रिसेप्शनवाली कोणाला तरी सांगतेय की बुधवारी बंद". दार बंद होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. बाहेर जाऊन विचारलं. बुधवारी बंदच होतं.

प्रिस्क्रिप्शन अर्धं लिहून झालं होतं.

मिरसांग

🙏 त्या पोराला आणि तुला.

सुरंगी

हे दुर्मिळ नाही. "आवाज येतात का" याचं खरं उत्तर प्रत्येकाला येतातच. प्रश्न असा हवा, खोलीत कोणी नसताना, रेडिओ-मोबाइल बंद असताना, दुसऱ्या कोणालाही ऐकू न येणारं कोणी बोलतं का.

औषधांबद्दल गैरसमज नको म्हणून लिहिते. औषध वाईट नाही. ऑटिझमवर औषध नाही, पण सोबतच्या चिंतेवर, डिप्रेशनवर, झोपेवर असतं, आणि खूप चिडचिड, मारणं-आपटणं असेल तर रिस्पेरिडोनसारखी औषधं वापरतात, त्यात वजन, साखर यावर लक्ष ठेवावं लागतं. ऑटिस्टिक मुलांना साइड इफेक्ट लवकर जाणवू शकतात म्हणून कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवायचं. सुरू केलेलं मनाने बंद करू नका. आणि सेकंड ओपिनियन घ्या, नुस्तेंकार म्हणाले तसं बांबोळीला.

मांडवीकाठी

मध्येच घुसतोय. मला हे विचारायचं होतं की फी साधारण किती असते, आणि ऑनलाइन चालतं का? आम्ही काणकोणला राहतो, दर आठवड्याला पणजीला येणं अशक्य.

एकसुरी

माझं पूर्ण दीड वर्ष ऑनलाइन, कॅमेरा बंद, चॅटवर टाइप करून. मला समोरासमोर कधीच जमलं नसतं. फीचं ज्याचं त्याला विचारा, पण टाइप करून सेशनला वेळ दुप्पट लागतो, तेव्हा पाऊण तासात होईल का हेही विचारा.

अबोली_फोंडा

अपडेट २. नरकासुराची रात्र (दिवाळीच्या आधी पुतळे जाळतात ती) कालच गेली, त्यामुळे जरा शांतपणे लिहितेय.

चतुर्थीला आम्ही पहिल्यांदाच मूळ घरी फक्त दीड तास गेलो. घुमटं (मातीची वाद्यं) वाजवत आरती सुरू व्हायच्या आधी तो आणि त्याचे बाबा बाहेर माडाखाली जाऊन बसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, धाकट्या जावेने बोलायचं ते बोलून घेतलं. नरकासुराला वाळपईच्या पुढे चुलत्यांच्या घरी जाऊन राहिलो, तिथे एकच छोटा नरकासुर, साडेदहाला जाळून मोकळे. फोंड्यात पहाटेपर्यंत स्पीकर.

मुख्य गोष्ट. एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या. नाव लिहीत नाही, त्यांनीच सांगितलं की आत्ता वेळ शिल्लक नाही, उगाच लोक ताटकळतील. फोनवर सुरंगींचा प्रश्न विचारला, मुलगा बोलला नाही तर? त्या म्हणाल्या, मी पण नाही बोलणार, चालेल ना त्याला? आधी जिन्याचा, दाराचा, खुर्चीचा फोटो पाठवला. पंखा बंद ठेवता येईल का विचारलं तर म्हणाल्या ऑक्टोबर आहे, मी घामाघूम होईन, पण ठीक आहे.

पहिली दोन सेशन तो जमिनीवर बसला, पाठ करून. तिसऱ्याला त्यांनी एक कागद सरकवला. आम्हाला सगळीकडे ते एक ते दहाचं पट्टीचं चित्र देतात ना, हसरा चेहरा-रडका चेहरा, तो त्याला कधी कळला नाही, म्हणतो असे चेहरे कोणाचेच नसतात. यांनी फेरीबोटीचा चार्ट केला होता. बोट धक्क्याला, रॅम्प खाली, माणसं चढतायत. बोट सुटली. बोट नदीच्या मध्ये. ओहोटी, धक्क्याला लागता येत नाही. इंजिन बंद, वाहत चाललीय.

त्याने दहा मिनिटं बघितलं म्हणे. मग पेन घेतलं, ओहोटी आणि इंजिन बंद यांच्या मध्ये एक नवीन ओळ घातली: "सगळे धक्क्यावर उभे राहून व्हिडिओ काढतायत."

तिथून सगळं बाहेर आलं, लॅपटॉपवर टाइप करून, तीन सेशनमध्ये. वर्गातल्या मुलांनी तो हात हलवतो त्याचा व्हिडिओ काढून स्टिकर केलं होतं, वर्गाच्या ग्रुपवर फिरत होतं, जूनपासून. हा त्या ग्रुपवर होता. रोज बघत होता. आम्ही त्याला विचारलं होतं, शाळेत कोणी त्रास देतं का, तर नाही म्हणाला होता, कारण कोणी हात लावला नव्हता. त्याच्या मते त्रास म्हणजे मारणं.

शाळेत गेलो. लिखित तक्रार दिली. आधी "मुलंच ती" वगैरे झालं, मग यूडीआयडी कार्डची झेरॉक्स आणि २०१६ चा कायदा टेबलवर ठेवला (नुस्तेंकार, तुमचे आभार), मग ग्रुप बंद झाला, पालकांना बोलावलं. दोन पालक घरी येऊन माफी मागून गेले, एकाने माझ्या मुलाला विनोद कळत नाही असं मलाच सांगितलं.

आता आठवड्यातून तीन दिवस, अर्धा दिवस शाळा. बांबोळीच्या डॉक्टरांनी चिंतेसाठी अगदी कमी डोसचं औषध सुरू केलंय, दर पंधरा दिवसांनी दाखवायला जातो. कागदावरचा प्रश्न मी अजून दर रविवारी ठेवते. दहावी या वर्षी देईल की नाही माहीत नाही, फॉर्म भरून ठेवलाय.

नुस्तेंकार

आभार कसले. मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणते व्हिडिओची ओळ "इंजिन बंद" च्या खाली पाहिजे, ते जास्त वाईट.

हळदोणे_वारा

वहिनीला हा धागा पाठवला. ती रात्री दीड वाजता वाचत होती. पुढच्या शनिवारपासून पुतण्याला दुपारी मी सांभाळणार, चार तास. पहिल्या शनिवारी ती काय करणार विचारलं तर म्हणाली झोपणार.

एकसुरी

अबोली ताई, फेरीबोट परत आली का?

अबोली_फोंडा

बघायला गेलेला नाही अजून. पण गेल्या सेशनला त्याने त्या चार्टात एक चूक काढली, म्हणाला तुम्ही अलीकडचाच धक्का काढलाय, पलीकडचा नाहीच, मग माणसं उतरणार कुठे. मॅडमनी नवीन काढून आणला.

मांडवीकाठी

तो चार्ट इथे टाकता येईल का? माझ्या मुलीला बस आवडतात, त्यावरून तसाच करून बघतो.

अबोली_फोंडा

त्याला विचारून सांगते. त्याचा आहे तो.